हाक मारली, मारली, मारली

ऑफिसात मला कात्री म्हणतात. तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘कात्री’. मला दोन्ही चालतं. पाठीमागचं जरा जास्त आवडतं, कारण ते मी कमावलेलं आहे.

माझं काम लघुलेखनाचं. कारखान्यांमधल्या अपघातांच्या चौकश्या होतात त्या खोलीत मी चौकशी करणाऱ्या साहेबांच्या डाव्या हाताला बसते, माणसं बोलतात ते लघुलिपीत उतरवून घेते आणि दुपारी टाइप करून काढते. असं सव्वीस वर्षं चाललंय. रेकॉर्डिंगचं यंत्र आमच्याकडे दोनदा आलं आणि दोनदा दुरुस्तीला गेलं. दुसऱ्यांदा गेलं ते अजून यायचंय. तेव्हा माझी वही म्हणजेच यंत्र, आणि हे यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

चौकशीला येणारा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस तेच ते दळण दळतो. ‘मी तिथे गेलो, गेलो म्हणजे मी तिथे गेलो तेव्हा, साहेब, मी गेलो तर...’ यातून तो गेला एवढंच निघतं. बाकीचा भुसा. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या बाई म्हणायच्या, “बोलणारा दोनदा बोलतो, कारण त्याच्याकडे खोडरबर नसतो. तो तुमच्याकडे आहे. वापरा.” मी वापरला. माझ्या हातून निघालेली जबानी वाचून एका वकिलाने विचारलं होतं, या माणसाला एवढं नीट बोलता येतं तर तो हमाली का करतो? ते मी आठवडाभर मिरवलं.

लघुलिपीत एक सोय आहे. शब्द लगेच पुन्हा आला तर पुन्हा लिहायचा नाही, त्याच्याखाली बारीक आडवी रेघ द्यायची. टाइप करताना मी रेघांकडे बघतच नसे. शाळेत व्याकरणाच्या बाईंनी ‘अभ्यस्त शब्द’ म्हणून जे शिकवलं होतं, म्हणजे लाललाल, हळूहळू, जाता जाता, तेवढे मी ठेवत असे, कारण ते पुस्तकात असतात. माणसाने आपल्या मनाने केलेली पुनरुक्ती मात्र कात्रीखाली.

ही गोष्ट कोल्ड स्टोरेजच्या दाराची आहे.

गोठवलेल्या भाज्या साठवायची मोठी जागा. आत उणे अठरा अंश, छताला चार पंखे, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारचा माणूस शिंकला तर फक्त दिसतो. दाराला बाहेरून लोखंडी अडसर. आतून कोणी अडकलं तर वाजवायची एक घंटा होती, ती बिघडलेली होती, आणि बिघडलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दारावर एक माणूस, वय अठ्ठावन्न, याच दारावर सतरा वर्षं. आम्ही चौकशीत त्याला दारवाले म्हणत होतो. काम असं की पाळी संपली, पंखे थोडा वेळ बंद केले की दारात उभं राहून हाक मारायची, ‘कोणी आहे का?’ कोणी नाही म्हटल्यावर दार लावायचं, अडसर घालायचा, पंखे चालू करायचे. नियमाच्या पाटीवर लिहिलं होतं: हाक तीन वेळा, दोन हाकांमध्ये अर्धा मिनिट. कारण माणूस शेवटच्या रांगेत मांडणीवर चढलेला असेल तर त्याला उतरून ओरडायला तेवढा वेळ लागतो.

त्या दिवशी आत एक जण राहिला. चाळीस मिनिटांनी दुसऱ्या कोणीतरी त्याची सायकल बाहेर बघितली आणि विचारलं, हा कुठाय? दार उघडलं तेव्हा तो शुद्धीत होता, पण डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो दारवाल्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीला दारवाल्यांनीच चिकटवलेला.

मेहुण्याची जबानी आम्ही दवाखान्यात जाऊन घेतली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. थंडीत कानावर जाड पट्टा बांधलेला, शिवाय खोकी ओढण्याचा खरखराट. त्यामुळे हाक मारली की नाही, मारली तर किती वेळा, हे एकट्या दारवाल्यांच्या तोंडावर होतं. साहेबांपुढे प्रश्न सरळ होता. घंटेचा दोष कंपनीचा, त्यात वाद नव्हता. नियमाप्रमाणे तीन हाका मारल्या असतील तर दारवाल्यांचा दोष नाही. नसतील तर त्यांची नोकरी जाणार.

दारवाले आले त्या दिवशी साहेबांची एक फाइल सापडत नव्हती. साहेब टेबलाच्या खणात डोकं घालून होते आणि तिथूनच प्रश्न विचारत होते. समोर कंपनीचा माणूस, ताठ कॉलरचा, हातात घड्याळ इतकं मोठं की त्याला वेळ नव्हे, तारीख-वार कळत असावेत.

“पंखे बंद केल्यावर काय केलंत?” साहेबांनी खणातून विचारलं.

“हाक मारली,” दारवाले म्हणाले आणि थांबले.

मी लिहिलं आणि थांबले. पेन कागदावर टेकून राहिलं. माणूस समोर बघत होता, माझ्याकडे नाही, साहेबांकडे नाही, भिंतीकडे.

“पुढे?” खणातून.

“मारली,” ते म्हणाले. पुन्हा थांबले.

अशी माणसं मला ठाऊक आहेत. गाडी चढावर बंद पडते, ढकलावी लागते. साहेब खणातच होते, म्हणून मीच हळू आवाजात म्हटलं, “पुढे बोला, दादा.” मला बोलायचा अधिकार नाही. लघुलेखकाला तोंड नसतं. पण जेवायची सुट्टी जवळ आली होती.

“मारली,” ते म्हणाले. “आणि मग दार लावलं.”

दुपारी मी टाइप केलं: ‘मी हाक मारली व त्यानंतर दार लावले.’ सुटसुटीत. साहेबांचे आणि माझे ‘पुढे, पुढे’ अर्थातच नाहीत. ढकलणाऱ्यांची नावं कोणी लिहीत नाही. संध्याकाळी मी त्यांना जबानी वाचून दाखवली, साडेचार पानं, एका दमात. दर परिच्छेदाला ते मान हलवत होते. शेवटी मी विचारलं, “बरोबर आहे ना?”

“बरोबर बरोबर,” ते म्हणाले आणि सही केली. सही करताना त्यांनी पेन असं धरलं की ते तुटेल अशी मला काळजी वाटली. पेन माझं होतं.

मी खाली टाइप केलं: ‘मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे.’

बाराव्या दिवशी साहेबांनी निकाल सांगायला घेतला. साहेब निकाल उभ्याने सांगतात, खिडकीकडे तोंड करून, आणि वाक्याच्या शेवटी टाच उचलतात. घंटेबद्दल कंपनीला चार पानं झोडपलं. मग म्हणाले, “लिहा. दारावरील कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या जबानीनुसार त्याने हाक एकदाच मारली. सबब...”

टाच उचलली गेली. मी लिहिलं. सबब सेवेतून कमी करण्यात यावे, इत्यादी.

टाइप करताना ‘एकदाच’ या शब्दावर बोट अडखळलं. हा शब्द दारवाल्यांच्या जबानीत नव्हता. मी जबानी काढून बघितली. खरंच नव्हता. पण ‘हाक मारली व दार लावले’ यातून दुसरं निघतं तरी काय? मी पुढे टाइप केलं. निकाल सहीसाठी फोल्डरमध्ये ठेवला, टाइपरायटरवर कापड टाकलं आणि निघाले. डोक्यात मात्र तो शब्द दातात अडकलेल्या धाग्यासारखा राहिला.

त्या संध्याकाळी आमच्या ह्यांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मी दवाखान्याच्या दाराशी उभी राहून फोन लावला.

“अहो, निघालात का?”

“निघालो निघालो,” हे म्हणाले.

म्हणजे निघाले नव्हते. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. ‘निघालो’ म्हणजे माणूस रस्त्यावर आहे. ‘निघालो निघालो’ म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम आहे आणि दुसरं बाकावर बसलंय. तसंच ‘हो’ म्हणजे हो, आणि ‘हो हो’ म्हणजे आता पुरे, नंतर बघू. ‘बघतो’ म्हणजे बघतील. ‘बघतो बघतो’ म्हणजे नळ गळतच राहणार. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी या भाषेचा एकही शब्द चुकवलेला नाही. मुलीचं लग्न ठरवायच्या वेळी तिकडच्या लोकांनी ‘आवडली आवडली’ म्हटलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, नाही म्हणताहेत. आठवड्यात नकार आला.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. माझ्या डोक्यात दारवाले म्हणाले, ‘बरोबर बरोबर.’

खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला, आणि तो त्यांचाच आला. बाबा रे, बरोबर नव्हतं तर ‘बरोबर बरोबर’ कशाला म्हणायचं? मग लक्षात आलं, त्यांनी ते मराठीत म्हटलं होतं आणि अगदी नीट म्हटलं होतं. ‘उरका एकदाचं’ असं म्हटलं होतं. मी घरी असते तर मला कळलं असतं. ऑफिसात मी कानाने ऐकत नव्हते, कात्रीने ऐकत होते.

हे पंचवीस मिनिटांनी आले. “निघालो म्हटलं ना,” असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि कपाटातून वही काढली. वह्या सहा महिने ठेवायच्या असतात. त्या कोणी उघडत नाही, ठेवायच्या मात्र असतात. पान सापडलं. ‘हाक मारली’, त्याखाली एक रेघ, त्याखाली दुसरी. म्हणजे तीन. पण मी त्याहून वेगळं काही बघत बसले. शब्द संपतो तिथे आणि त्याखालच्या दोन्ही रेघांच्या टोकाला शाईचा एकेक ठिपका होता. बारीक नाही, चांगला फुगलेला, पहिला तर मागच्या पानावर उतरलेला. पेन टेकून राहिल्यावर पडतो तसा. उरलेल्या सगळ्या जबानीत असा ठिपका कुठेही नव्हता. इतर ठिकाणी हा माणूस भरभर बोलला होता. अडखळणारा माणूस तो नव्हताच.

मला लाज वाटली.

साहेब साडेदहाला आले. फोल्डर त्यांच्यासमोर होतं, पेनचं टोपण काढलेलं. मी वही त्यावर ठेवली.

“साहेब, माझी चूक आहे.”

साहेबांनी टोपण परत लावलं. मी ‘चूक’ हा शब्द त्यांच्यापुढे पहिल्यांदाच वापरत होते. मी सांगितलं: ‘मारली’ एकदा नाही म्हणाले, तीनदा म्हणाले. मी एकदाच घेतलं.

साहेब हुशार आहेत. माझं ऐकून त्यांनी लगेच मान डोलावली नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

“बाई, तीनदा म्हटलं म्हणजे तीनदा केलं असं कुठे आहे? ‘चाललो, चाललो, चाललो आणि गाव आलं’ म्हणतो आपण. म्हणजे तीन पावलं का? आमची ही म्हणते, ‘तुम्हाला सांगितलं, सांगितलं, सांगितलं!’ अहो, एकदाही सांगितलेलं नसतं. बोलण्यात दोनदा म्हणजे खूप, तीनदा म्हणजे फारच. तो जोर झाला, आकडा नव्हे. जोरावर मी निकाल फिरवू?”

मी ठिपक्यांकडे बघितलं आणि उत्तर आपोआप आलं.

“साहेब, जोर लावणारा माणूस थांबत नाही. बाईसाहेब ‘सांगितलं, सांगितलं, सांगितलं’ म्हणतात तेव्हा मध्ये श्वास तरी घेतात का?”

साहेबांनी विचार केला. “नाही,” ते म्हणाले.

“हे थांबले होते. दर वेळी. हे बघा, इथे माझं पेन थांबलंय. आपण त्यांना ढकललं, साहेब. पहिल्यांदा तुम्ही ‘पुढे’ म्हणालात, दुसऱ्यांदा मी.”

“तुम्ही?”

“मी.”

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. लघुलिपी त्यांना वाचता येत नाही. ते फक्त शाई बघत होते. मग म्हणाले, “शाईच्या ठिपक्यावर निकाल फिरत नाही. कंपनीवाले मला सोलतील. पण सही झालेली नाही, तेव्हा पुन्हा बोलावता येईल. कारण मात्र लिहून द्यावं लागेल. तुमच्या सहीने. जबानी चुकीची टाइप झाली म्हणून. फाइलला लागेल ते.”

फाइलला लागलेलं कधीच निघत नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या कामात एकही शुद्धिपत्र नव्हतं, आणि हे मी किती जणांना ऐकवलंय याची गणती नाही. माझं ते पालुपदच होतं. मी टेबलाशी गेले आणि कागद चढवला. चार ओळींचा मजकूर. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

दारवाले सोमवारी आले. साहेब यायचे होते, म्हणून ते बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मीच टाइप केलेल्या जबानीची प्रत, घड्या पडून पडून मऊ झालेली. मी त्यांच्या शेजारी बसले. असं मी कधी करत नाही.

“दादा, त्या दिवशी मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? ‘मारली’ एकदाच लिहिलं होतं मी.”

“ताई, तुम्ही लिहिलं म्हणजे तसंच लिहायची पद्धत असेल, असं वाटलं,” ते म्हणाले. “सरकारी लिहिणं वेगळं असतं. आम्ही बोलतो तसं थोडंच लिहितात?”

मी पिशवीतल्या प्रतीकडे बघितलं.

“नोकरीचं एक वेळ असू दे,” ते म्हणाले. “दोन वर्षांनी सुटलीच असती. पण हा कागद घरी नेला. बायकोने वाचला. वाचला आणि म्हणाली, माझ्या भावाला एकच हाक मारलीत? मी म्हटलं, नाही गं, मारली, मारली, मारली. ती म्हणते, इथे तुमची सही आहे. तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही. भाऊ दवाखान्यातून घरी आलाय. त्याची बोटं बघते आणि माझ्याकडे बघते.”

पिशवीची घडी ते घालत होते आणि मोडत होते.

“आज तुम्हाला विचारतील, किती वेळा,” मी म्हटलं. “आकडा सांगा. तीन म्हणा, झालं.” हेही बोलायचा मला अधिकार नव्हता. पण आता एकदा तोंड उघडलंच होतं.

ते माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. “मी आकडा मोजत नाही, ताई.”

मला त्यांचा पुन्हा राग आला. बुडत्याला काडी द्यावी आणि त्याने ती कुठल्या झाडाची म्हणून विचारावं, तसं झालं.

खोलीत साहेब, कंपनीचा माणूस, दारवाले आणि मी. या वेळी साहेबांच्या टेबलावर एकही फाइल नव्हती, खणही बंद. कंपनीच्या माणसाने सुरुवातीलाच हरकत घेतली: सही झालेली जबानी आहे, आता पढवून आणलेला साक्षीदार तीन म्हणणार. साहेब म्हणाले, हरकत नोंदवली. मी नोंदवली.

“पंखे बंद केल्यावर तुम्ही किती वेळा हाक मारलीत?” साहेबांनी विचारलं.

“मोजलं नाही, साहेब.”

कंपनीच्या माणसाने खुर्चीला पाठ टेकवली. माझं पेन जड झालं.

“मग तीन वेळा मारायचा नियम तुम्ही पाळता कसा?”

“मोजून नाही. मी हाक मारतो आणि आतला माणूस मनात धरतो. तो मांडणीवरून उतरतोय, वळतोय, रांगेतून येतोय. तो दारापर्यंत येईस्तोवर थांबतो. आला नाही की पुन्हा हाक. तो पुन्हा तेवढंच चालतो. असं.” ते थांबले. “त्या दिवशी जसं केलं तसं सांगू का? त्या दिवशी सांगत होतो, पण...”

“सांगा,” साहेब म्हणाले. “आज कोणी मध्ये बोलणार नाही.” हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

दारवाले उभे राहिले. भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर काही नव्हतं, एक जुना खिळा होता.

“हाक मारली,” ते म्हणाले.

आणि थांबले.

पहिले काही सेकंद नेहमीसारखेच होते. मग ते लांबायला लागले. पंखा फिरत होता. बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं. कंपनीच्या माणसाने पाय बदलला, माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. दारवाल्यांची नजर खिळ्यावर नव्हती, खिळ्याच्या आत कुठेतरी होती, आणि तिथून कोणीतरी रांगेतून चालत येत होतं. तो मला दिसायला लागला. जाड कोट, कानावर पट्टा. तो वळला. आला नाही.

“मारली.”

साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मीही बघितलं. काटा सहावर होता, तो हळूहळू वर चढायला लागला. त्या शांततेत मला एक गोष्ट अगदी स्पष्ट समजली. हा माणूस तोच शब्द पुन्हा म्हणत नव्हता. पहिल्या ‘मारली’त आशा होती, दुसऱ्यात शंका. वरून दोन्ही शब्द सारखे दिसतात. मी ते सारखे समजून सव्वीस वर्षं फेकत आले होते, आणि त्यातून कोणाकोणाचं काय काय गेलं असेल, ते शोधायलाही आता वह्या उरलेल्या नाहीत. सहा महिन्यांवरच्या सगळ्या रद्दीत गेल्या.

“मारली,” दारवाले म्हणाले. या वेळचा आवाज नुसती खात्री करून घेणाऱ्याचा होता. पुन्हा ते थांबले, तेवढंच. मग म्हणाले, “आणि मग दार लावलं.”

ते खाली बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

साहेबांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, “तुमच्या घड्याळात किती भरलं?”

त्याने नकळत मोजलं होतं. एवढं मोठं घड्याळ हातात असल्यावर न मोजून करतो काय. “पहिल्याला अठ्ठावीस सेकंद,” तो म्हणाला. “दुसऱ्याला एकतीस.” तिसऱ्याचं त्याने सांगितलं नाही. “पण साहेब, हे काही पुरावा...”

“पढवून असं थांबता येतं का, तुम्हीच बघा प्रयत्न करून,” साहेब म्हणाले. “नियम अर्ध्या मिनिटाचा आहे. हा माणूस न मोजता तो पाळतो. सतरा वर्षं पाळतोय, तेव्हा कुठे असं अंगात भिनतं.” मग माझ्याकडे वळून: “बाई, म्हटलं तसं घ्या.”

मी तिथेच, त्यांच्यासमोर टाइप केलं. तीन वेगळ्या ओळी.

हाक मारली.

मारली.

मारली.

‘मी’ घातला नाही, ‘व’ घातला नाही, ‘लावलं’चं ‘लावले’ केलं नाही. ओळींच्या मध्ये कंसात लिहिलं: ‘साक्षीदार सुमारे अर्धा मिनिट थांबला.’ फोल्डरमधला जुना निकाल साहेबांनी आडवा फाडला आणि नवा दुपारी सांगतो म्हणाले. नव्यात काय असणार हे कंपनीच्या माणसालाही कळलं होतं. तो बॅग आवरायला लागला.

“थांबा,” साहेब त्याला म्हणाले. “वाचून दाखवणं व्हायचंय.”

दारवाल्यांनी पिशवीतून जुनी प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली. “ताई, ही तुम्ही ठेवा,” ते म्हणाले. “नवी द्या. घरी वाचून दाखवायचीय.” मग जरा घुटमळून म्हणाले, “मला असं थांबून वाचायला जमेल ना?”

“तुम्हाला नाही तर कोणाला जमणार?” मी म्हटलं.

मी कागद हातात घेतला. सव्वीस वर्षं मी जबान्या एका दमात वाचत आले. ‘हाक मारली,’ मी वाचलं आणि थांबले. कंपनीचा माणूस बॅगच्या पट्ट्याशी खेळत होता. मी कोणाकडे बघितलं नाही. मनात त्या माणसाला मांडणीवरून उतरवलं, वळवलं, रांगेतून आणलं. तो आला नाही. ‘मारली,’ मी वाचलं. पुन्हा त्याला उतरवलं. हे किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं; जीभ सारखी पुढच्या ओळीवर उडी मारायला बघते. ‘मारली.’ तोही अर्धा मिनिट मी पुरा केला.

‘आणि मग दार लावलं.’

मी कागद खाली ठेवला.

“बरोबर?” मी विचारलं.

“बरोबर,” दारवाले म्हणाले.

मी वाट बघितली, ते आणखी एकदा म्हणतात का म्हणून. ते म्हणाले नाहीत. पेन मागून घेतलं आणि सही केली.